समुद्रावरील टेहळणी : माणसाचा डोळा व यंत्राचा डोळा



सन १९१२ च्या एप्रिल महिन्यांतील १४ तारखेची रात्र. उत्तर अटलांटिक महासागरावर चंद्र नव्हता, वारा नव्हता, आणि पाणी इतकें निश्चल होतें कीं, मुरलेल्या खलाशांनाहि त्याचें नवल वाटलें. ‘टायटॅनिक’ जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर उंच बांधलेल्या मचाणांत फ्रेडरिक फ्लीट आणि रेजिनल्ड ली हे दोघे टेहळणीस उभे होते. अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास फ्लीटला समोर एक काळा आकार दिसला. त्यानें घंटेचे तीन टोले दिले, टेलिफोन उचलला, आणि समोर हिमनग असल्याची वर्दी खालच्या अधिकाऱ्यांस दिली. पुढची कथा जगजाहीर आहे. पंधराशेंहून अधिक माणसें त्या रात्रीं प्राणांस मुकलीं.

मागाहून चौकशी झाली, तेव्हां फ्लीटला विचारण्यांत आलें कीं, हातांत दुर्बीण असती तर कांहीं फरक पडला असता काय? थोडें आधीं दिसलें असतें, आणि तेवढ्यानें जहाज वांचलें असतें, असें त्यानें सांगितलें. बेलफास्टहून साउदम्प्टनपर्यंत मचाणांत दुर्बीण होती. पुढच्या प्रवासांत ती नव्हती. या एका दुर्बिणीवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझें मत विचाराल तर दुर्बीण हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. दुर्बिणीनें दिसलेली वस्तु मोठी होते, परंतु ती शोधण्याचें काम उघड्या डोळ्यासच करावें लागतें. त्या रात्रीं खरी अडचण निराळीच होती. एरव्हीं हिमनगाच्या पायथ्याशीं लाटा फुटतात व त्या फेंसाची पांढरी रेघ दुरून दिसते. समुद्र निजल्यासारखा असल्यामुळें ती रेघच नव्हती. आणि फ्लीटनें प्रथम जें पाहिलें तें ‘हिमनग’ नव्हे. पाण्याच्या व आकाशाच्या मध्यें, जेथें कांहीं असावयास नको तेथें कांहींतरी आहे, इतकेंच त्यानें पाहिलें. हा बारकावा आपण लक्षांत ठेवावा. शंभर वर्षांनंतर, मनुष्यावांचून चालणाऱ्या नौकांस दृष्टि देऊं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना फिरून याच ठिकाणीं यावें लागलें.

टेहळणी हा शब्द आपल्याकडे गडकोटांच्या काळापासून रुळलेला आहे. गडावरचा टेहळ्या धूळ उडतांना पाही, तर गलबतावरचा टेहळ्या पाण्यावरचा वेगळा रंग पाही. दोघांचेंहि काम कंटाळवाणें. कारण नव्याण्णव वेळां कांहींच नसतें आणि शंभराव्या वेळीं जें असतें तें क्षणभरच आधीं दिसतें. हा कंटाळा व हा क्षण, दोन्ही यंत्रावर सोंपवावे, ही कल्पना मात्र आपण समजतों तितकी नवी नाहीं.

‘टायटॅनिक’ बुडण्याच्या आठ वर्षें आधीं, सन १९०४ च्या मे महिन्यांत, क्रिस्तियान ह्युल्समायर नांवाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या जर्मन तरुणानें कोलोन येथें ऱ्हाईन नदीवरील पुलाजवळ एक प्रयोग करून दाखविला. त्याच्या यंत्रांतून विद्युच्चुंबकीय लहरी बाहेर पडत, नदीतून जाणाऱ्या नौकेच्या धातूवर आपटून परत येत, आणि त्या परत आल्या कीं एक घंटा वाजे. धुक्यांत व अंधारांत जहाजांच्या टकरी टळाव्या हाच त्याचा उद्देश होता. त्यानें पेटंट मिळविलें, पुढें हॉलंडमध्यें जहाजवाल्यांसमोरहि प्रयोग केला. पण विकत घेण्यास कोणीच पुढें आलें नाहीं. जहाजाचा भोंगा होता, खलाशाचा डोळा होता. आणखी घंटा कशाला, असें त्या व्यवहारी मंडळींस वाटलें असावें. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं महायुद्धाच्या निकडीनें हेंच तत्त्व रडार या नांवानें जगासमोर आलें, आणि युद्ध संपल्यावर व्यापारी जहाजांवर चढलें.

आतां टकरी इतिहासजमा होतील अशी आशा होती. सन १९५६ च्या जुलैच्या २५ तारखेस रात्रीं अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ हें इटलीचें डौलदार प्रवासी जहाज आणि स्वीडनचें ‘स्टॉकहोम’ हीं एकमेकांवर आदळलीं. एक्कावन्न माणसें मेलीं. विशेष हें कीं, दोन्ही जहाजांवर रडार होतें, दोन्ही चालू होतीं, आणि दोन्हीकडील अधिकाऱ्यांनीं दुसऱ्याचा ठिपका फलकावर पाहिलेला होता. डोळ्यांस दिसण्यापूर्वीं कितीतरी मिनिटें त्यांना परस्परांचें अस्तित्व ठाऊक होतें. पण एकानें त्या ठिपक्याचा एक अर्थ लावला, दुसऱ्यानें दुसरा. धुक्यांतून दिवे दिसले तेव्हां वेळ निघून गेली होती.

टकरी टाळण्यासंबंधींचे आंतरराष्ट्रीय नियम सन १९७२ मध्यें नव्यानें मांडले गेले व १९७७ पासून अंमलांत आले. त्यांतील पांचवा नियम टेहळणीविषयीं आहे. प्रत्येक जहाजानें सर्वकाळ डोळ्यांनीं व कानांनीं, आणि शिवाय उपलब्ध असतील त्या सर्व साधनांनीं, योग्य टेहळणी ठेविली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. डोळा आणि कान आधीं, साधनें मागून. सातव्या नियमांत तर अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधूं नये असें स्पष्ट बजावलें आहे. ही शाब्दिक काटेकोरी नव्हे. नियमकर्त्यांनीं हें वाक्य लिहिलें तें अपघातांचा इतिहास समोर ठेवूनच.

रडारला काय दिसत नाहीं, हें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कोणाहि तांडेलास विचारावें. लोखंडी जहाजावरून लहरी ठणठणीत परततात. लांकडाची किंवा काचतंतूची होडी मात्र त्यांना फारशी अडवीत नाहीं. त्यांत लाटांवरून परतणाऱ्या लहरींची गर्दी असतेच, आणि त्या गर्दीत लहान होडीचा क्षीण ठिपका हरवून जातो. मोठ्या जहाजांवर सन २००४ अखेरपर्यंत एक दुसरें यंत्र आलें, जें आपलें नांव, स्थान व गति सभोंवार आपण होऊन सांगत राहतें. पण ही सक्ति मुख्यतः तीनशें टनांवरील परदेशगामी जहाजांस आहे. ज्याच्याजवळ तें यंत्र नाहीं तो त्या संभाषणांत मुकाच राहतो. सन २०१२ च्या मार्चच्या १ तारखेस रात्रीं केरळांत आलप्पुळ किनाऱ्याजवळ ‘प्रभु दया’ या मालवाहू जहाजाच्या धडकेनें मच्छीमारांची होडी फुटली व पांच जणांचा अंत झाला. मोठ्या जहाजाखालीं लहान होडी जाणें हा अपघातांचा एक जुना व दुःखद प्रकार आहे; त्यांत बहुधा मोठ्या जहाजास ओरखडाहि येत नाहीं.

आणि तरंगणाऱ्या निर्जीव वस्तूंचें काय? सन २०१० च्या ऑगस्टच्या ७ तारखेस मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एम्‌एस्‌सी चित्रा’ व ‘खलीजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली आणि तिच्यावरचे मालाचे शेंकडों लोखंडी पेटारे समुद्रांत पडले. कांहीं बुडाले, कांहीं तरंगत राहिले. अर्धवट बुडालेला पेटारा पाण्याच्या पृष्ठाबरोबर असतो; त्याचा भार कित्येक टन, आणि दिसणारा भाग वीतभर. पुढचे कांहीं दिवस मुंबई व न्हावा शेवा येथील वाहतूक थांबवावी लागली. दोन रडारवाल्या जहाजांच्या एका टकरींतून रडारला न दिसणारीं इतकीं विघ्नें निर्माण व्हावीं, ही घटना मुंबईकरांच्या दृष्टीसमोरच घडली.

येथवर टेहळणीचा इतिहास झाला. आपोआप चालणाऱ्या नौकेचा इतिहास हा याहून वेगळा आहे, आणि हे दोन प्रवाह फार काळ एकमेकांस मिळालेच नव्हते. सन १८९८ मध्यें निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नौका तारेवांचून चालवून दाखविली. तो दूर उभा राहून सांगे आणि नौका वळे, थांबे, दिवे लावी. लोक थक्क झाले. परंतु त्या नौकेस डोळे नव्हते. डोळे टेस्लाचे होते. त्याच सुमारास जोशुआ स्लोकम हा कॅप्टन ‘स्प्रे’ नांवाच्या शिडाच्या नौकेंतून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. सन १८९५ ते १८९८ हा त्याचा प्रवासकाल. हिंदी महासागर ओलांडतांना सत्तावीसशें मैलांच्या तेवीस दिवसांच्या टप्प्यांत आपण सारे मिळून तीन तासहि सुकाणूजवळ नव्हतों, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. सुकाणू दोरीनें बांधावें, शिडें जुळवावीं, आणि खालीं जाऊन वाचीत बसावें! पुढें घूर्णदर्शकावर चालणारें स्वयंसुकाणू आलें. खलाशांनीं त्याला माणसाचें नांवहि देऊन टाकलें. सुकाणू धरणारा हात अशा रीतीनें फार लवकर यंत्राचा झाला. समोर पाहणारा डोळा मात्र शंभर वर्षें माणसाचाच राहिला.

एकट्या नाविकाची पंचाईत येथेंच आहे. आपल्या मराठी माणसास अभिमान वाटावा असें उदाहरण सांगतों. नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे यांनीं सन २००९ व २०१० मध्यें ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली गेली गोव्यांत, दिवाडी बेटावर. महिन्यांमागून महिने एकटा असलेला मनुष्य झोंपणार केव्हां? तो तुकड्यातुकड्यांनीं झोंपतो, आणि झोंपलेला असतो तोंवर पांचवा नियम पाळणारें कोणी जागें नसतें. एकट्या नाविकांच्या शर्यतींविषयीं पंडितांनीं हा आक्षेप पूर्वींपासून घेतला आहे, व तो खोडून काढणें सोपें नाहीं.

मग कॅमेऱ्यानें पाहावें, आणि संगणकानें त्या चित्रांतून विघ्न ओळखावें. ऐकावयास किती सोपें! रस्त्यावरच्या मोटारींसाठीं हें पुष्कळसें साधलें आहे, तेव्हां समुद्रावर तर गर्दीहि नाहीं, असें कोणास वाटेल. वस्तुस्थिति उलटी आहे. रस्ता स्थिर असतो. पाणी क्षणभरहि तसेंच राहत नाहीं. फेंस हा बोयासारखा दिसतो व बोया फेंसासारखा. सकाळसंध्याकाळ सूर्य पाण्यावर जो चकाकता पट्टा टाकतो त्यांत कॅमेरा आंधळा होतो. किनाऱ्यावरच्या इमारतीचें प्रतिबिंब पाण्यांत इमारतच उभी करतें. भिंगावर एक थेंब उडाला तर क्षितिजावर पर्वत आल्याचा भास होतो.

त्याशिवाय अंतराचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याचें चित्र सपाट असतें. त्यांतील वस्तु लहान आहे कीं दूर आहे हें चित्र सांगत नाहीं. एक युक्ति अशी कीं, वस्तूचा पाण्याला टेकलेला भाग क्षितिजाच्या किती खालीं दिसतो तें मोजावें. कॅमेरा पाण्यापासून दोन मीटर उंच असेल तर शंभर मीटरांवरील होडी क्षितिजाखालीं एक अंशाहून किंचित्‌ अधिक दिसेल. चारशें मीटरांवर हा कोन चतुर्थांश अंशाच्या आसपास उतरतो. म्हणजे नौका लाटेवर किंचित्‌ जरी कलली तरी हिशेब सारा कोलमडला. म्हणून नौकेच्या कलाची नोंद क्षणोक्षणीं घेऊन क्षितिज नव्यानें आंखावें लागतें. दोन डोळ्यांप्रमाणें दोन कॅमेरेहि लावतात. पण ते जवळजवळ बसविलेले असल्यानें दूरच्या वस्तूविषयीं त्यांची साक्ष कच्ची पडते. आणि फूटभर रुंदीचा बोया तीनशें मीटरांवरून साध्या कॅमेऱ्यांत केवढा दिसतो? साऱ्या चित्राच्या रुंदींत बाराशें-तेराशें बिंदु धरले, तर त्यांतील जेमतेम एक.

परंतु सर्वांत मोठी अडचण यादीची आहे. यंत्रास शिकवावें तें काय? होडी, जहाज, बोया हें शिकवितां येईल. पण ओंडका, पेटारा, देवमासा, पोहणारा मनुष्य, उलटलेली नाव, वाहून आलेलें झाड? समुद्रांतील विघ्नांची यादी कोणी पुरी करूं शकत नाहीं, आणि जें यादींत नाहीं तें यंत्रास ‘दिसत’ नाहीं.

या कोड्याचें एक उत्तर स्लोव्हेनियासारख्या लहानशा देशांतून आलें. तेथील ल्युब्लियाना विद्यापीठांतील मातेज क्रिस्तान व त्यांचे सहकारी यांनीं सन २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेली पद्धत आपणांस फ्लीटची आठवण करून देईल. त्यांनीं विघ्नें शिकविण्याचा नादच सोडला. नौकेवरून दिसणारें चित्र हें एकावर एक असलेल्या तीन आडव्या पट्ट्यांचें असतें, असें त्यांनीं गृहीत धरलें : वर आकाश, मध्यें किनारा अथवा धूसर क्षितिज, खालीं पाणी. प्रत्येक पट्ट्याचा रंग व जागा दर चित्रागणिक नव्यानें अजमावावी. आणि पाण्याच्या पट्ट्यांत राहून जो ठिपका पाण्यासारखा नाहीं त्याला विघ्न म्हणावें. तो कोण आहे हें विचारूं नये! जेथें कांहीं असावयास नको तेथें कांहींतरी आहे, एवढें पुरे. हें गणित नौकेवरील लहानशा संगणकासहि झेपलें.

पुढें संगणकांना उदाहरणांवरून शिकविण्याची विद्या वाढली, तेव्हां याच मंडळींनीं कोपर बंदराजवळच्या समुद्रांत नौका फिरवून, दोन वर्षांतील निरनिराळ्या हवेंत घेतलेल्या चित्रांतून १३२५ चित्रें निवडलीं व सन २०१९ मध्यें सर्वांसाठीं खुलीं केलीं. त्यांतील प्रत्येक चित्राचा प्रत्येक बिंदु माणसांनीं हातानें ओळखून लिहिला : हें पाणी, हें आकाश, हें विघ्न. जेथें पाणी नक्की कोठें संपतें हें माणसासहि सांगतां येईना, त्या कडांवर ‘अनिश्चित’ अशी प्रामाणिक खूण ठेविली. यंत्राच्या डोळ्यामागें माणसांची ही केवढी दृष्टि ओतलेली असते, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

मोठ्या नौकांचे प्रयोगहि याच सुमारास झाले. सन २०१८ च्या डिसेंबरांत फिनलंडमधील ‘फाल्को’ या तरीनें पाराइनेन व नाउवो या ठिकाणांमध्यें एक फेरी आपली आपण केली. सन २०२२ च्या जानेवारींत जपानची २२२ मीटर लांबीची ‘सोलेय’ ही प्रवासी नौका उत्तर क्यूशूच्या किनाऱ्याजवळून सुमारें २४० किलोमीटर स्वतः चालली. तिच्यावर अंधारांत उष्णतेवरून वस्तु टिपणारे कॅमेरे होते, आणि खबरदारी म्हणून खलाशीहि होते. त्याच वर्षीं ‘मेफ्लॉवर’ ही माणसावांचूनची नौका इंग्लंडांतील प्लिमथहून निघाली व जूनअखेर अमेरिकेंतील प्लिमथला लागली. वाटेंत तिला दोनदां दुसरीकडे वळावें लागलें तें विघ्न न दिसल्यामुळें नव्हे. वीजयंत्रांच्या क्षुल्लक बिघाडांमुळें. जहाजावर माणूस असता तर स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यानें तें तासाभरांत निस्तरलें असतें, असा माझा आपला तर्क.

यंत्राच्या डोळ्याची खरी परीक्षा मात्र मला एका निराळ्याच प्रसंगांत दिसते. सन २०२१ च्या जानेवारीची २७ तारीख. ‘व्हांदे ग्लोब’ ही एकट्या नाविकांची जगप्रदक्षिणेची शर्यत संपत आली होती. बोरिस हेरमान हा जर्मन नाविक तिसऱ्या स्थानावर होता, विजयाचीहि शक्यता होती, आणि फ्रान्सचा किनारा अवघा नव्वद मैल राहिला होता. तो झोंपला होता. रडारची धोक्याची घंटा, जहाजांची ओळख सांगणारें यंत्र, आणि डोलकाठीच्या टोंकावरील कॅमेऱ्यांचा जागता डोळा, तिन्ही चालू होतीं असें त्यानें मागाहून सांगितलें. तिन्ही गप्प राहिलीं. त्याची नौका एका मच्छीमार नौकेवर आदळली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. मोडक्या नौकेनें त्यानें शर्यत पुरी केली व त्याला पांचवें स्थान मिळालें.

कॅमेऱ्याचा हा दोष, असें म्हणून मी ही विद्या निकालांत काढणार नाहीं. फ्लीटचे डोळेहि चांगलेच होते. परंतु या यंत्रांत एक तोल सांभाळावा लागतो. घंटा फार हळवी केली तर प्रत्येक फेंसाला ती वाजते, आणि दहा वेळां व्यर्थ उठलेला नाविक अकराव्या वेळीं ती बंद करून निजतो. घंटा धिमी केली तर एका रात्रीं ती मच्छीमारासाठींहि वाजत नाहीं. हा तोल कोठें ठेवावा हें ठरवितो जहाजाचा धनी किंवा यंत्र रचणारा. त्याची किंमत मोजतो तो समोरच्या लहान होडींतला माणूस, आणि ठरविण्याच्या वेळीं तो तेथें हजर नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें स्वयंचालित जहाजांना जुने नियम कितपत लागू पडतात याची जी छाननी सन २०२१ मध्यें पुरी केली, तींत जबाबदार कप्तान कोणास म्हणावें हा प्रश्न वर आला तो याच कारणानें. यंत्राच्या डोळ्यानें पाहणें हें पांचव्या नियमांतील पाहणें होतें कीं नाहीं, याचेंहि उत्तर त्याच प्रश्नाशीं बांधलेलें आहे.

तोंवर एक गोष्ट आपल्याच हातीं आहे. कोपरच्या आखातांतील १३२५ चित्रांत कोंकणचा समुद्र नाहीं. पावसाळ्यांतील तें गढूळ, मातकट पाणी नाहीं. जाळ्यांचे तरंगते बोये नाहींत. बांबूच्या टोंकाला बांधलेलीं फडकीं नाहींत. कंदिलाएवढ्या मिणमिणत्या उजेडांत जाळें ओढणारी होडी नाहीं. उद्यां माणसावांचूनचें एखादें जहाज मुंबईच्या बंदराकडे वळेल, तेव्हां त्याच्या डोळ्यानें हें सारें आधीं पाहिलेलें असावें. तीं चित्रें आपल्याकडील तरुण अभियंत्यांनीं वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, सर्व ऋतूंत, होड्यांवर बसून काढावयास हवींत. आणि त्यांतलें विघ्न कोणतें व पाणी कोणतें हें लिहितांना शेजारीं एखादा अनुभवी तांडेल बसवावा.